कामाला लावली की चौथ्या दिवशी परत लंगडी: घोडीच्या लिगामेंटचं दुखणं पुन्हा पुन्हा का उलटतं

आधी तक्रार काय ते मांडतो, म्हणजे तुमचीही तीच असेल तर पुढं वाचा. पुढच्या पायाची नस धरली, नळीच्या (गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या हाडाच्या) मागं थोडी सूज आली, हात लावला तर गरम. महिना-दीड महिना ठाणावर उभी ठेवली, सूज उतरली, घोडी मस्त चालायला लागली, आपण खूश, कामाला लावली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत तोच पाय. परत आराम, परत काम, परत लंगडी. माझ्या बुलबुलचं हे असं तीनदा झालं. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं आणि तिन्ही वेळा चूक घोडीची नव्हती, माझी होती, त्यामुळं कोणाला शहाणपण शिकवायला बसलो नाही, जे पैसे आणि दीड वर्ष घालवून कळलं ते लिहून ठेवतो.

घोडी मारवाडी, उंची साडेचौदा हात (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच), सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली. रवाल चाल चांगली म्हणून घेतली आणि नंतर वरातीच्या सुपाऱ्या घ्यायला लागलो, कारण शेतीवर घोडी पोसणं आपल्याला परवडत नाही हे उघड आहे. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या लग्नसराईत एका वरातीत डीजेसमोर दोन पायांवर उभी केली, खाली आली ती डांबरी रस्त्याच्या कडेला अर्धा पाय खड्ड्यात. त्याच रात्री डावा पुढचा पाय टेकेना.

आता आपल्याकडं घोड्याच्या पायातल्या सगळ्यालाच नस म्हणतात, इथून घोटाळा सुरू होतो. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच, हाड, दोऱ्या आणि कातडी. पाय उचलून गुडघ्यात वाकवा आणि नळीच्या मागून अंगठा आणि बोटांनी चाचपा. सगळ्यात मागं बोटाला लागते ती एक दोरी, तिला चिकटून आत दुसरी, या दोन्ही स्नायूंना जोडलेल्या, त्यांना टेंडन म्हणतात. त्यांच्याही आत, अगदी हाडाला लागून, दोन बारक्या हाडांच्या मधे लपलेला असतो तो सस्पेन्सरी लिगामेंट. गुडघ्याच्या जरा खालून निघतो, नळीवरून खाली येतो, घोट्याच्या वर त्याच्या दोन फांद्या होतात आणि घोट्याच्या मागच्या दोन छोट्या हाडांना धरतात. काम काय, तर घोटा जमिनीला टेकू द्यायचा नाही. लेकराची झोळी दोरीवर तोलून राहते ना तसं घोडीचं सगळं वजन दर पावलाला या दोरीवर येऊन लोंबतं. चालताना थोडं, दुडकीला जास्त, चौखूर उधळली की घोटा जवळजवळ जमिनीपर्यंत जातो आणि परत वर येतो.

ही दोरी तुटते म्हणजे कटकन दोन तुकडे होत नाहीत, आतले धागे तुटतात. सुतळीचा एकेक पदर तुटावा तसे. तिथं शरीर आधी घाईघाईनं गुंता भरतं, पिंजलेल्या कापसासारखा, त्यातलं कोलॅजेन कच्च्या जातीचं असतं, डॉक्टर लोक त्याला टाइप ३ म्हणतात. पुढं महिने न् महिने ते बदलत टाइप १ होतं आणि धागे ओढ ज्या दिशेला पडते त्या दिशेनं सरळ रांगेत बसतात. यातली पहिली पायरी, म्हणजे सूज-गरमपणा, दोन-तीन आठवड्यात आटोपते आणि शेवटची वर्षभर चालू राहते. आपण बघतो फक्त पहिली. सूज उतरली की आपल्या लेखी घोडी बरी, आणि आत सगळा कापूस. सगळी भानगड इथंच आहे, बाकी पुढं जे लिहितो ते याचेच फाटे.

पहिल्यांदा उलटलं ते इंजेक्शनमुळं. इंजेक्शनमुळं म्हणजे इंजेक्शननं बिघडलं नाही, इंजेक्शननं मला फसवलं. तिसऱ्या दिवशी दुखण्याचं दिलं, घोडी सरळ चालायला लागली, मग जरा कमी वाटलं की परत दिलं, असं करत पाच आठवडे काढले आणि जूनमधल्या शेवटच्या दोन सुपाऱ्या डोळ्यासमोर होत्या त्या घेतल्या. दुसऱ्या वरातीत अर्ध्या रस्त्यात मान टाकायला लागली. दुखणं हे पायाचं घोडीला सांगणं असतं की बाई जपून, ते सांगणं आपण बंद करून टाकलं तर ती पूर्ण जोर देणारच. सूज उतरवायची औषधं पहिल्या काही दिवसात डॉक्टर देतात ते ठीक, पण कामाला लावायच्या आधी निदान आठवडाभर घोडी औषधाशिवाय कशी चालते ते बघितलंच पाहिजे. आणि रोज रोज दिली की घोड्याच्या पोटात अल्सर होतात ते वेगळंच. जाता जाता, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधाचं माणसाचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून जनावराला टोचणारे अजून आहेत, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद केलंय, गिधाडं त्यानं मेली, ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात. आपल्या सातपुड्यात गिधाड दिसणं दुर्मिळ झालंय ते उगाच नाही.

दुसऱ्यांदा मात्र मला वाटलं होतं आपण शहाणे झालो. कानबाई झाली, पोळा झाला, गणपती झाले, घोडी उभीच. तब्बल साडेतीन महिने. दसऱ्याला बाहेर काढली. एका जाणत्यानं सांगितलं की तापीच्या वाळूत चालव, वाळूत पाय बनतो, सगळे पहिलवान घोडे वाळूतच बनतात. म्हटलं खरं आहे, वाळू मऊ, हादरा बसत नाही. रोज सकाळी अर्धा तास नदीत. पाचव्या दिवशी जरा दुडकी. आठव्या दिवशी पाय गरम. दिवाळी ठाणावर आणि सारंगखेड्याची यात्रा तिच्याशिवाय.

वाळूचं हे मला नंतर समजलं आणि हे नीट वाचा कारण आपल्या भागात तापी, पांझरा, गिरणा सगळीकडं वाळू आहे आणि सगळे हाच सल्ला देतात. मऊ आणि खोल जमिनीत खूर रुततो, टाच खाली जाते, घोटा जास्त खाली बसतो, आणि परत वर यायला ओढ लागते ती या लिगामेंटलाच. हादऱ्याचा त्रास हाडाला आणि खुराला होतो, लिगामेंटला त्रास रुतण्याचा होतो. म्हणून लिगामेंटवाल्या घोड्याला सुरुवातीला पाहिजे कडक, सपाट, सरळ जमीन. डांबरी रस्ता चालतो, चालीनं हां, दुडकीनं नाही. दाबलेल्या मुरमाचा शिवार रस्ता सगळ्यात छान. काळ्या रानात तर जाऊच नका, पावसाळ्यात गाळ आणि उन्हाळ्यात भेगा, भेगेत खूर गेला तर जे जोडलं ते परत उसवलं. चांगला घोडा वाळूत बनतो हे खोटं नाही, पण तो चांगला घोडा असतो, दुखरा नसतो, एवढाच फरक.

आणि आणखी एक, साडेतीन महिने नुसती उभी ठेवली हीच अर्धी चूक. मगाशी म्हटलं ना की धागे ओढ पडते त्या दिशेनं बसतात, मग ओढच पडली नाही तर बसणार कसे, तसाच गुंता वाळतो आणि पहिल्या जोराला फाटतो. पूर्ण आरामही नको आणि कामही नको, मधलं पाहिजे, मोजून दिलेली चाल. चाल हेच औषध आहे आणि औषधासारखीच तिची मात्रा असते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे आबा राहतात, जन्म टांग्यात गेला, आता टांगा नाही पण संध्याकाळी ठाणावर येऊन बसतात. दिवाळीत मी वैतागून बसलो होतो की आता विकून टाकावी, तर ते पायाला हात लावून म्हणाले, "पाय तिना शे, घाई तुले शे." बस, पुढं काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले.

मग पहिल्यांदा स्कॅन केला. खरं तर हे अखाजीलाच करायला पाहिजे होतं. आपल्याकडं घोड्याच्या पायाचा स्कॅन म्हटलं की लोकांना वाटतं मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला न्यावी लागेल, आणि अवघड केस असेल तर न्यावीच, पण साधी गोष्ट अशी की गायी-म्हशी गाभण आहेत का बघायला डॉक्टर लोकांकडं जे हातातलं सोनोग्राफी मशीन असतं, त्याचा सरळ पट्टीसारखा प्रोब घोड्याच्या नळीवरसुद्धा चालतो. केस बारीक भादरायचे, जेल लावायचं, आणि दोन्ही पाय बघायचे, चांगला पाय आधी, म्हणजे फरक कळतो. आमच्या डॉक्टरांनी हे केलं. उजव्या पायात लिगामेंट स्क्रीनवर एकसारखा पांढुरका, डाव्यात वरच्या भागात मधोमध काळं भोक, आणि जाडीसुद्धा जास्त. म्हणजे पाच-सहा महिन्यांनंतरही भोक! बाहेरून पाय दिसायला एकदम चकाचक. वरच्या भागातल्या दुखण्यात बाहेर सूज फारशी दिसतच नाही, दोन बारक्या हाडांच्या मधे झाकलेलं असतं, घोट्याजवळच्या फांद्यांना लागलं तर मात्र चटकन फुगून दिसतं. त्यामुळं सूज नाही म्हणून काही नाही असं धरू नका.

तेव्हापासून नियमानं सुरू केलं आणि तरीही तिसऱ्यांदा उलटलं, फेब्रुवारीत. इथं मात्र मी हादरलो, कारण सगळं बरोबर चाललं होतं, चाल मोजून, रस्ता सपाट, औषध नाही, तीन महिने पूर्ण. दुडकी सुरू केली आणि बाराव्या दिवशी मान हलली. डॉक्टर आले, त्यांनी लिगामेंट बघायच्या आधी खूर बघितला आणि मला विचारलं नालबंद कधी येऊन गेला. मी म्हटलं, कामावर नाही तर नाल कशाला, काढून ठेवलेत. किती दिवस झाले? आठवेना. मोजलं तर अकरा आठवडे.

घोड्याचा खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलीमीटर वाढतो, काम असो नसो. काम नसताना तर फारसा झिजतही नाही. पुढचं टोक लांब झालेलं, टाच चेपून पुढं सरकलेली, बाजूनं बघितलं तर खुराची रेष आणि घोट्याखालच्या हाडाची रेष एका ओळीत नाही, मधेच मोडलेली. टोक लांब असलं की पाय उचलताना खूर उशिरा पलटतो, आणि जेवढा उशीर तेवढी मागच्या दोऱ्यांवर ओढ, दर पावलाला. मी रोज पाऊण तास चाल देत होतो म्हणजे रोज हजारो वेळा ती ओढ मी स्वतःच देत होतो. आता दर पाच आठवड्यांनी नालबंद, घोडी उभी असली तरी. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या खाली त्याचीही तारीख लिहिलेली असते.

दुसरं सापडलं ते वजन. उभ्या घोडीला आईची माया, माझी आई रोज तिला गूळ आणि भिजवलेला हरभरा, वरून चंदी (दाण्याचा खुराक) जुनीच चालू. टेपनं मोजलं. वजनकाटा नसला तरी हे करता येतं, छातीचा घेर सेंटिमीटरमधे घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११८८० नं भागायचं, किलो येतात, अंदाजेच पण आपल्याला पुरतात. बुलबुलची लांबी १५०, घेर काम करत होती तेव्हा १६८, म्हणजे ३५६ किलो. फेब्रुवारीत घेर १७६. म्हणजे ३९१ किलो. पस्तीस किलो! सिमेंटच्या पाऊण गोणीला पाय फुटून ती दुखऱ्या पायावर बसल्यासारखं. चंदी बंद केली, हरभरा बंद, कडबा थोडा आणि मारवेल गवत, मीठ, आणि पाणी मात्र भरपूर. आईला समजवायला घोडीपेक्षा जास्त दिवस लागले. मात्र एकदम उपाशीही ठेवू नका, उभ्या घोड्याला नुसता कोरडा कडबा आणि पाणी कमी असं झालं की पोट धरतं, आणि पोटशूळ पायापेक्षा वाईट, लिगामेंटनं घोडा मरत नाही.

तिसरं कारण पोरानं कबूल केलं, मी नसताना तो तिला लांब दोरीवर गोल फिरवायचा, व्हिडिओ काढायला. गोल फिरताना वजन एका बाजूला पडतं आणि पाय पिळतो. लिगामेंटवाल्या घोड्याला पहिले पाच-सहा महिने गोल नाही म्हणजे नाही, वळायचं तर मोठं वळण घेऊन.

आता चौथ्यांदा काय केलं ते सांगतो. हे माझ्या घोडीचं आहे, डॉक्टरांनी स्कॅन बघून ठरवलेलं, तुमच्या घोड्याचं भोक मोठं असेल तर दिवस वाढतील, लहान असेल तरी कमी करायचा मोह टाळा.

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ १० मिनिटं, हातात धरून, नुसती म्होरकी नको, लगाम घालून, कारण उभी राहून राहून घोडी मस्तीला येते आणि एक उडी मारली की महिन्याची कमाई गेली. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची. दोन महिन्यांनी पाऊण तासाच्या आसपास आलो, तेव्हा वर माणूस बसवला, हलका, आणि माणूस बसला त्या आठवड्यात वेळ कमी करून परत वीस मिनिटांवर. हा माझा सगळ्यात आवडता नियम, एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वेळ वाढवला तर जमीन तीच. वजन वाढवलं तर वेळ कमी. वेग वाढवला तर बाकी सगळं तिथंच. आधी मी सगळं एकदम वाढवायचो आणि मग उलटलं की कशानं ते कळायचंच नाही.

तीन महिन्यांनी परत स्कॅन. भोक भरत आलेलं, पण अजून धूसर, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक महिना चालच ठेवली. मी तोंड वाकडं केलं पण ऐकलं. चौथ्या महिन्याच्या शेवटी दुडकी, दिवसाला पाच मिनिटं, ती पण एक-एक मिनिटाचे तुकडे करून मधे चाल, सरळ मुरमाच्या रस्त्यावर. दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं जास्त. सातव्या महिन्यात तिसरा स्कॅन, तो चांगला आला, मग आठव्यात जरा जरा कॅन्टर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची पण चौखूरपेक्षा सावकाश धाव. वाळूत अजूनही नाही.

आमचा उन्हाळा मधे आला तो वेगळा त्रास. मे महिन्यात शिरपूर-जळगावकडं पारा ४४-४५ ला टेकतो, नऊ वाजता रस्त्याला हात लागत नाही. पहाटे साडेपाचला निघायचो, परत आल्यावर पायावर पंधरा-वीस मिनिटं थंड. थंड म्हणजे विहिरीच्या पंपाचं पाणी नाही, ते मे महिन्यात कोमट असतं, मी गोळेवाल्याकडून बर्फाची लादी घ्यायचो, गोणपाटात कुटून पायाला बांधायचो, आत पातळ फडकं ठेवून, नाहीतर कातडी भाजते.

रोजची तपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. सकाळी, चालायच्या आधी, घोडी रात्रभर उभी राहिलेली असताना. दोन्ही हात दोन्ही पायांवर एकदम फिरवायचे, डावा-उजवा गरमपणा कळतो. मग पाय उचलून अंगठ्यानं आतली दोरी दाबायची, दोन्ही पायांची, एकसारख्या जोरानं. दुखरा असेल तर घोडी पाय ओढून घेते किंवा कान मागं टाकते. मग शिंप्याची टेप. गुडघ्याच्या मागं जे हाड बाहेर आलंय त्याच्या खाली चार बोटं, तिथंच रोज, मी तिथले केस थोडे कापून खूण केली होती. वहीत नुसते आकडे. उजवा १८.५, डावा १९. उजवा १८.५, डावा १९. असं पान न् पान, कंटाळा येतो, आणि मग एक दिवस डावा १९.५. त्या दिवशी काम नाही. एवढ्यानं जूनमधे एकदा उलटता उलटता वाचलं, अर्धा सेंटिमीटर डोळ्याला कधीच दिसला नसता. तीन दिवस परत चालीवर, आकडा खाली आला, मग एक पायरी मागून पुन्हा सुरू.

लंगडणं बघायचं कसं हेही लोक चुकतात. चालीत बघू नका, दुडकीत बघा, कडक सपाट जागेवर, पकडणाऱ्यानं दोर सैल सोडायचा, तोंड ओढून धरलं तर मान हलतच नाही. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकतो तेव्हा मान वर जाते आणि चांगला टेकतो तेव्हा खाली येते. बरेच जण उलट समजतात आणि चांगल्या पायाला शेक देत बसतात, मी पाहिलेत. मोबाइलवर स्लो मोशन काढा, दर आठवड्याला त्याच जागी, म्हणजे मागच्याशी ताडता येतं.

अजून एक खूण, खूर दुखतोय की लिगामेंट ते ओळखायला. खुराचं दुखणं कडक जमिनीवर जास्त दिसतं, लिगामेंटचं मऊ जमिनीत. डॉक्टर कधी कधी गोल फिरवून बघतात, मऊ जमिनीत दुखरा पाय गोलाच्या बाहेरच्या बाजूला असताना लंगडणं वाढलं तर संशय लिगामेंटवर. पण हे डॉक्टरांनी एक-दोन फेऱ्यांत बघायचं, आपण घरी करत बसायचं नाही. नक्की करायला ते पायात भूल देऊन एकेक भाग बधिर करतात. एकदम जोरात, पाय अजिबात टेकत नाही असं अचानक लंगडं झालं तर मात्र आधी खुरात पू झालाय का बघा, लिगामेंट समजून महिनाभर उभा ठेवलेला आणि शेवटी खुरातून पू निघालेला घोडा आमच्याच तालुक्यात आहे.

ठाणावरचं एक राहिलं. अगाडी-पिछाडी बांधायची आपली पद्धत, ती सोडा. पाय ताणून बांधलेला घोडा रात्री उठता-बसताना त्याच पायाला हिसका देतो. बारा बाय बारा फुटाची मोकळी खोली केली, पत्रे आणि बांबू, खाली कडबा, आणि सोबतीला एक शेळी बांधली. शेळीचं हसू नका, एकटी घोडी गोल गोल फिरते, भिंतीला लाथा घालते, शेळी आल्यापासून शांत. वावरात मोकळं सोडायचं ते अगदी शेवटी, आधी काम देऊन दमवून, छोट्या कुंपणात. उभ्या घोड्याला एकदम मोठ्या रानात सोडलं तर तो पहिलं काम काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

डाग देण्याबद्दल भांडण होतं म्हणून स्पष्ट लिहितो. डाग दिल्यानं लिगामेंट जुळत नाही. डागल्यावर घोडा बरा झाला असं वाटतं कारण डागल्यावर कोणी त्याला दोन-तीन महिने हात लावत नाही, आराम मिळतो, श्रेय डागाला जातं. झोंबणारे लेप लावून कातडी सोलणं तेच. दुखऱ्या जागी लहरींचे धक्के देणारं शॉकवेव्ह मशीन, घोड्याच्या स्वतःच्या रक्तातून काढून टोचायचं पीआरपी हे आता करतात, आम्ही केलं नाही, मुंबई-पुण्याला नेण्याचं बजेट नव्हतं. कोणी शॉकवेव्ह केलं तर एवढं लक्षात ठेवा की नंतर काही दिवस दुखणं दबलेलं असतं, त्या दिवसात घोडा छान चालला म्हणून काम देऊ नका, इंजेक्शनसारखीच फसगत.

मागच्या पायाचं असेल तर यातलं बरंच लागू पण आशा जरा कमी ठेवा. पुढच्या पायाचा वरचा भाग ताजा असताना पकडला आणि आराम-चाल नीट दिली तर बहुतेक घोडे कामाला येतात, मागच्यात तसं नाही, तिथं लिगामेंट घट्ट जागेत कोंडलेला असतो, सुजला की दाबला जातो आणि दुखत राहतो. नाचणाऱ्या, दोन पायांवर उभ्या होणाऱ्या घोड्यांचं सगळं वजन मागच्याच दोन पायांवर, हे मी आता यात्रेत बघतो तेव्हा टाळ्या वाजत नाहीत हाताला. आणि दोन्ही पायांचे घोटे हळूहळू खाली बसत चाललेत, मागची गाठ जमिनीकडं झुकलीय असं दिसलं तर तो जखमेचा नाही, लिगामेंट झिजत चालल्याचा आजार असू शकतो, तिथं काम बंद आणि डॉक्टर. त्या घोड्याला ही चालीची वही उपयोगाची नाही.

बुलबुलच्या या चौथ्या फेरीचा आता नववा महिना आहे. सकाळी अर्धा तास चाल, पंधरा मिनिटं दुडकी, तीन-चार मिनिटं कॅन्टर. काल उजवा १८.५, डावा १८.८. डावा कधीच बरोबरीला येणार नाही असं डॉक्टर म्हणतात, जाडपणा थोडा राहतो, तो वाढत नाही ना एवढं बघायचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार आहे, ती घरी शेळीजवळ राहील. सुपारीचे तीन फोन आले, तिघांना सांगितलं की नवरदेव बसवून चालीनं नेईन, नाचवणार नाही, दोघांनी फोन ठेवला, एकानं हो म्हटलं.